एकोणीस-सत्तेचाळीस

बर्फ सारणाऱ्या ट्रकचा रंग नारिंगी,
हरणामागे जाणाऱ्यांच्या जाकिटांचा नारिंगी,
खणलेल्या रस्त्याभोवतीच्या शंकूंचा नारिंगी.
किवॉनी काउंटीच्या नोकरीत एकतीस वर्षं
हा रंग मला एकच शब्द सांगत आला:
जपून.

आर्डिथला त्याच्यातून झालर काढायची होती.
"जांभळ्या, गुलाबी, सायीच्या रंगाच्या डेलिली सगळेच करतात.
नारिंगी म्हटलं की नाक मुरडतात, गटारातली म्हणून."
खोटं नाही. आमच्या रस्त्याकडेच्या चरात
ती कुणी न लावता फुलते,
बी धरत नाही आणि जागाही सोडत नाही.

आर्डिथनं जन्मभर डेअरीत दुधाचं फॅट तपासलं.
तोच डोळा फुलांना.
दव वाळलं की, ऊन तापायच्या आत,
चिमट्यात पुंकेसर धरून एकीचा पराग दुसरीला,
आजारी पोराच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवावा इतक्या बेतानं.
मग देठाला टेलिफोनच्या तारेचा तुकडा,
निळी तार असेल तर बाप अमुक, पिवळी असेल तर तमुक.
शेंगा तडकतात. मिऱ्यासारखं काळंभोर बी
फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी हिवाळा काढतं.
(एकदा मी अंड्यावर घातलं होतं. तो विषय नको.)

आणि तिसऱ्या उन्हाळ्यात, शंभरातली सत्त्याण्णव रोपं
माझ्या ढकलगाडीत.
"ही का नको?"
"मान टाकते."
"ही?"
"रंग पिवळट. आतून विझलेली."
मला तर ती पेटलेली दिसायची. पण मी रस्तेवाला,
मला कोण विचारतो.
कंपोस्टच्या ढिगावर टाकताना
त्यांची तोंडं मी पलीकडे वळवायचो.

गेल्या जुलैत बहीण व्हर्डेल तिला ग्रीन बेला घेऊन गेली,
मोतीबिंदू काढायला.
त्याच सकाळी वाफ्यात एकोणीस-सत्तेचाळीस उमलली,
पहिल्यांदाच.
मी पंप बघायला गेलो होतो, तो बादली उपडी करून बसलो.
घशात हिरवी, भोवती विटकरी कडं,
आणि पाकळीची कड सोनेरी,
पायच्या कडेला चिमटे घेत जावं तशी, सगळीकडून.
मधला रंग
मी फोटो काढला, फोननं त्याचा भोपळा केला.
मग नुसता बघत राहिलो. जेवण राहिलं.
संध्याकाळी तिनं अंग आवळलं
आणि अंधार पडेपर्यंत ओल्या चिंधीसारखी लोंबली.
उरलेल्या सात कळ्या रात्री हरणांनी खाल्ल्या.
जाकिटं अशा वेळी खुंटीवर.

डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बांधून ती घरी आली.
"कशी होती?"
मी म्हटलं, चांगली.
"चांगली म्हणजे? व्हर्न, चांगली म्हणजे काय?"
साक्षीदार मी एकटा, आणि माझ्याकडे शब्द एक.

दुसऱ्या दिवशी वाटी निघाली.
ती अंगणात उभी राहून एक डोळा झाकायची, मग दुसरा,
पुन्हा पहिला.
माझ्या जुन्या ट्रककडे बघितलं. चराकडे बघितलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे,
मोतीबिंदू वर्षानुवर्षं सगळ्यावर चहा सांडत असतो,
आणि ज्याच्यावर सांडतो त्याला कळत नाही.

"पिवळट," ती म्हणाली,
"मी किती जणींना पिवळट म्हटलं रे?"
मी मोजले नव्हते. गाड्या मोजल्या असतील कुणी तर देव जाणे.

मग मी तिला गोठ्यामागे नेलं, ढिगाकडे.
हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं:
त्या मरत नाहीत. उलट्या टाकल्या तरी
मुळं खाली शोधतात, दांडे वर.
अंड्यांच्या टरफलांतून, कॉफीच्या गाळातून,
तिनं नाकारलेल्या अकरा-बारा तरी
त्या सकाळी उघड्या होत्या.

ती गवतात गुडघ्यांवर बसली, नव्या डोळ्याच्या बाजूनं.
मला म्हणाली, फावडं आण.
मग म्हणाली, थांब,
आज नको. आजचा दिवस त्यांचा आहे.